मिरगाआधीची घरदुरुस्ती: कवेलू, टिन, स्लॅब आणि मातीची भिंत

बुटीबोरीतली नोकरी सोडून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी परत आलो, तेव्हा घर तयारच होतं. ते सांभाळायचं कसं, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. समोरची बैठक आणि माजघर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, म्हणजे देशी कौलं. मागची सपरी टिनाची. बाजूला नंतर बांधलेली एक खोली, स्लॅबची. आपल्याकडच्या खेड्यांत अशी मिसळीची घरं गल्लीगल्लीत दिसतात. पहिल्या पावसाळ्यात गुंड, बादल्या, गंज आणि तुरीचं रिकामं टिपाड अशी सात भांडी मी घरात मांडली होती, आणि रात्री कोणतं भरलं हे आवाजावरून ओळखायला शिकलो होतो.

तुम्ही नव्यानं गावात राहायला आला असाल, किंवा म्हाताऱ्यांच्या मागे घर तुमच्या अंगावर पडलं असेल, तर हे तुमच्यासाठी. मिस्त्री लावूच नका असं मी म्हणत नाही. पण मिस्त्रीला काय सांगायचं, हे कळण्यापुरतं तरी हात मळवावे लागतात.

कधी सुरू करायचं

अखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की लागा कामाला. मे महिन्याच्या शेवटी रोहिणी लागतात, नवतपा, म्हणजे नऊ दिवसांचा कडक ताप, सुरू होतो. तेव्हा आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि अकरानंतर छपरावर हात ठेववत नाही. त्यातच अवकाळीचं वावधान, म्हणजे वादळी वारा, कधी येईल सांगता येत नाही. मिरगानंतर, म्हणजे मृग नक्षत्र लागल्यावर, तर माणूसच मिळत नाही, सगळे पेरणीत. वेळ पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. दुपारी सावलीत बसून गारा (भिंतीला लावायचा चिखल) कालवा, खिळे सरळ करा, काहीही करा, पण वर चढू नका.

काय काय हाताशी हवं

निसणी, म्हणजे शिडी (पायऱ्या दोरीनं नव्हे, तारेनं बांधलेल्या), सब्बल, फावडं, घमेलं, थापी, ओळंबा, पाणसळ, हातोडी, छिन्नी, पक्कड, पेचकस, टेस्टर, तारेचा ब्रश, बांधायची तार, जाड सुती दोर, एक मोठी ताडपत्री, दोन लांब फळ्या, चामडी हातमोजे, कोळशाचा तुकडा. कोळसा गमतीनं लिहिला नाही, त्याचं काम पुढे येतं.

कागदही लागतात, हे लोक विसरतात. घराचा नमुना आठचा उतारा, कर भरल्याची पावती, विजेचं बिल आणि पासबुकाची झेरॉक्स एका पिशवीत ठेवा. दुरुस्तीआधी आणि नंतर चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. वावधानात छप्पर उडालं किंवा भिंत पडली, तर तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा हेच कागद विचारतात. भिंत शेजाऱ्याशी सामाईक असेल तर आधी त्याच्या ओसरीवर जाऊन चहा प्या, मग सब्बल उचला.

१. आधी नुसतं बघा

पाणी जिथे टपकतं तिथे दुरुस्ती करायची नाही. ते जिथून शिरतं, तिथे करायची. आमच्याकडे ज्वारीच्या कोठीवर थेंब पडायचा, म्हणून मी तिच्या डोक्यावरची कवेलं दोनदा बदलली. थेंब पडतच राहिला. तिसऱ्या पावसात टॉर्च घेऊन वर पाहिलं तर पाणी चार हात वरच्या फुटक्या कवेलूतून येत होतं, वाशाच्या पोटाला चिकटून खाली घसरत होतं, आणि वाशाला जिथे गाठ होती तिथे सुटून खाली पडत होतं. कोठी बिचारी त्या गाठीखाली होती एवढंच.

तेव्हा दोन गोष्टी करा. एक, भर दुपारी दारंखिडक्या लावून आत अंधारात बसा. छपरातून कवडसे पडतील. जिथून ऊन येतं तिथे आतून वाशावर कोळशानं फुली मारा. दोन, एकाला छपरावर न चढवता निसणीवरूनच वळचणीकडून वरच्या दिशेनं थोडं थोडं बादलीभर पाणी सोडायला सांगा आणि तुम्ही आत बघत राहा. खालून वर जायचं. आधीच आढ्यावर पाणी ओतलं तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही.

एक इशारा. कवडसा म्हणजे गळतीच असं नाही, आणि गळती असेल तिथे कवडसा दिसेलच असंही नाही. पालापाचोळा अडकून पाणी उलटं चढतं तिथे एक किरणसुद्धा आत येत नाही.

२. कवेलू फेरणे

फेरणं म्हणजे कवेलं काढून, झाडून, फुटकी वगळून पुन्हा नीट बसवणं. दरवर्षी सगळं छप्पर फेरायची गरज नसते. वानरं नाचून गेली असतील तर मात्र पर्याय नाही. आमच्या गावात वानरांचा कळप चिंचेवरून थेट आमच्या आढ्यावर उतरतो, त्यामुळे आमचं गणित वर्षाला एक बाजू असं आहे.

सगळ्यांत मोठी चूक मीच केलेली. पहिल्या वर्षी उत्साहात मी अख्खी उत्तरेची बाजू एका सकाळी उघडी केली. चार वाजता आभाळ भरलं. त्या रात्री माजघरात आम्ही कापसाच्या गाठोड्यांसारखे एका कोपऱ्यात बसून होतो. तेव्हापासून नियम एकच: दोन-तीन हात रुंदीचा पट्टा उघडायचा, तो पूर्ण करायचा, मग पुढचा. ताडपत्री वर दोरीसह तयार.

क्रम असा. कवेलं उतरवताना हातमोजे घाला आणि आधी काठीनं ठोका. खाली विंचू असतो, कधी मण्यारही. मण्यारचा दंश फारसा दुखत नाही म्हणून लोक झोपून जातात. तसं करू नका, 108 ला फोन करा आणि सरळ रुग्णालयात जा.

उतरवलेलं प्रत्येक कवेलू बोटाच्या सांध्यानं वाजवून पाहा. खणखण वाजलं तर चांगलं. भद्द आवाज आला तर आत चीर आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. शेकडा दहा-पंधरा तरी बाद होतात असा माझा अनुभव आहे. नवी देशी कवेलं घडवणारे आता फार उरले नाहीत, पण घरकुलं बांधताना लोक जुनी छपरं उतरवतात, तिथे ती स्वस्तात मिळतात. घेताना आकार जुळतो का हे आपलं एक कवेलू सोबत नेऊनच बघा.

उघड्या पट्ट्यात वासे आणि त्यांवरच्या कमच्या (बांबूच्या पट्ट्या) तपासा. कमची वाकली असेल तर वर कितीही नीट कवेलू बसवा, ते घसरणारच. वाशात पेचकस टोचून पाहा. लोण्यासारखा आत गेला तर वासा बदलायचा. उतारही मोजा. आडवे दोन हात गेल्यावर उभा एक हात चढ असला की पाणी थांबत नाही. त्याहून सपाट छप्पर देशी कवेलूला झेपत नाही.

बसवायला वळचणीकडून सुरुवात, आढ्याकडे शेवट. खाली उताणी ओळ, तिच्या दोन धारांवर पालथी ओळ. वरचं कवेलू खालच्यावर चार बोटं तरी चढलं पाहिजे. कवेलं वाचवायला लोक हे चढणं दोन बोटांवर आणतात आणि वाऱ्याच्या पावसात पस्तावतात. आढ्यावरची मोठी कवेलं चुना-मातीत पक्की बसवा.

वर वावरताना पाय कवेलूवर नाही, वाशाच्या रेषेवर आडव्या टाकलेल्या फळीवर. फळी दोरानं आढ्याला बांधलेली. खाली एक माणूस कायम. एकट्यानं कधीच नाही.

३. टिनाचं छप्पर

टिन सोपं वाटतं म्हणून त्यात हलगर्जी होते. खिळा किंवा स्क्रू नेहमी लहरीच्या उंच भागावर मारायचा. खोलगट भागातून पाणी वाहतं, तिथे भोक पाडलं म्हणजे आपणच पन्हाळ काढून दिली. रबरी वायसर (वॉशर) दाबून बसेल इतकंच कसायचं. जास्त कसला की वायसर फाटतो आणि टिन दबून तिथेच पाणी साचतं. खालच्या-वरच्या टिनांची चढण सहा इंच, बाजूची दीड ते दोन लहरी. पावसाचा वारा आपल्याकडे पश्चिम-नैर्ऋत्येचा, तेव्हा टिनं पूर्वेकडून लावत या. मग सांध्याचं तोंड वाऱ्याकडे येत नाही.

जुनी भोकं बुजवताना आधी तारेच्या ब्रशनं गंज खरवडा. गंजावर लावलेली डांबरी पट्टी गंजासकट सुटते. लहान भोकाला एम-सील चालतं. ब्रश मारलेल्या जागी रेड ऑक्साइडचा हात द्या.

टिनावर दगड, टायर, जुनं जातं ठेवायची पद्धत गावोगाव आहे. मला ती पटत नाही. वावधानात टिन उचललं गेलं की तोच दगड खाली झोपलेल्यावर येतो. त्यापेक्षा कडेच्या प्रत्येक बल्लीला (लाकडी दांड्याला) जाड तार गुंडाळून भिंतीतल्या खुंटीला बांधा आणि वळचणीच्या ओळीत स्क्रू दुप्पट लावा. वारा कडेनंच आत शिरतो.

सिमेंटचे पत्रे असतील तर वेगळी गोष्ट. ते वजन पडताच काही सूचना न देता फुटतात, त्यामुळे त्यांवर फळीशिवाय पाऊल नको. त्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असतं. ते कोरडं कापलं किंवा घासलं की उडणारी धूळ फुप्फुसांना घातक. भोक पाडायचंच झालं तर पाणी मारून, तोंडाला चांगला मास्क लावून.

४. स्लॅब

आधी झाडा, पन्हाळीचं तोंड मोकळं करा. अर्धी गळती इथेच संपते. माझ्या स्लॅबच्या पन्हाळीतून कबुतराचं घरटं, एक चप्पल आणि कडुनिंबाचं उगवलेलं रोप निघालं होतं. रोप दिसलं की उपटून सोडू नका, मूळ छिन्नीनं शेवटपर्यंत काढा.

मग पन्हाळीला चिंधी कोंबून इंचभर पाणी दिवसभर साचू द्या आणि खालून बघा. बहुतेक वेळा पाणी स्लॅबच्या मधून येतच नाही, ते कठड्याच्या सांध्यातून येतं. त्या कोपऱ्यात सिमेंट-वाळूचा गोल वाटा (गोलाई) मारला की काम होतं. चीर असेल तर ती छिन्नीनं इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोदून, धुऊन, चीर भरायच्या मसाल्यानं भरा. हे चारनंतर करा आणि आठवडाभर ओली पोती टाकून ठेवा. मे महिन्यातल्या उन्हात सिमेंट पक्कं व्हायच्या आतच वाळून भुगा होतं.

शेवटी चुना. रात्रभर भिजवलेला चुना गाळून, थोडा फेव्हिकोल घालून दोन हात मारले की खोली जाणवण्याइतकी गार राहते. चुना विरघळताना उकळतो, म्हणून लोखंडी बादली घ्या, चष्मा लावा आणि पोरांना लांब ठेवा.

स्लॅबच्या पोटाचे पोपडे पडून गंजलेली सळई दिसत असेल तर घरगुती उपाय नाही. इंजिनीअरला बोलवा. वरून कोटिंग मारून ते झाकणारे पाहिलेत, मला त्यांच्या घरात बसवत नाही.

५. मातीची भिंत

इथे मी पैसे बुडवले. दुसऱ्या वर्षी मी बैठकीच्या बाहेरच्या भिंतीला गुळगुळीत सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. शेजारची मोठी आई पाहून म्हणाली, "काहून रे बाबू, मातीले शिमीट लावतं काय? मातीले मातीच धरते." मी हसलो. तिसऱ्या पावसाळ्यानंतर, पोळा होऊन गेल्यावर, रात्री धप्पकन आवाज आला आणि खाटेएवढा प्लास्टरचा तुकडा अंगणात आडवा. मागची माती दह्यासारखी ओली.

मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगावाटे सोडते. सिमेंटनं ते अंग बंद होतं, ओल आत कोंडते, माती फुगते-आकसते, आणि ताठ सिमेंट तिच्यासोबत हलत नाही. म्हणून छाबायचं, म्हणजे लिंपायचं, ते मातीनंच.

माती कोणती? काळी नाही. ती वाळली की भेगाळते, हे शेतात बघतोच आपण. पांढरी किंवा पिवळी माती घ्या. बरणीत तीन भाग पाणी, एक भाग माती घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. तळाशी वाळूचा, वर गाळाचा आणि चिकणमातीचा थर वेगळा दिसतो. वाळूचा थर अगदी बारीक असेल तर वाळू मिसळावी लागेल.

गारा करायला मातीत कुटार (मळणीचा भुसा) किंवा बारीक तणस (वाळलेलं गवत) घालून, पाणी मारून तीन-चार दिवस मुरू द्या. रोज पायानं तुडवा. थोडं शेण घाला. मग लगेच अख्ख्या भिंतीला लावू नका. कुटाराचं प्रमाण कमी-जास्त करून हातभर हातभराचे तीन चौकोन लावा आणि दोन दिवस थांबा. ज्याला भेग नाही ते मिश्रण घ्या. आमच्या मातीला चार घमेल्यांना दीड घमेलं कुटार लागतं, तुमच्या मातीला वेगळं लागेल.

सुटलेली जुनी माती खरवडा, भिंतीवर पाण्याचा हबका मारा, मग हातानंच जोरात थापा. एका वेळी बोटभर जाडी, पुढचा थर पहिला वाळल्यावर. घुशीची बिळं असतील तर आधी त्यांत काचेचे तुकडे आणि मुरूम सब्बलनं ठासा. शेवटचा हात पांढऱ्या मातीच्या पातळ लेपाचा, पोताऱ्यानं (ओल्या फडक्यानं). हे काम मोठ्या आईनं मला हात धरून शिकवलं आणि अजूनही माझी भिंत बघून ती मान हलवते.

विटांच्या भिंतीतल्या भेगांबद्दल थोडं. काळ्या जमिनीवरचं घर उन्हाळ्यात भेगाळतं आणि पावसाळ्यात भेगा मिटतात, कारण खालची जमीनच आकसते-फुगते. मे महिन्यात त्या सिमेंटनं ठासून भरल्या तर पावसात भिंतीला मिटायला जागा उरत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. आधी भेगेवर काचेची पट्टी सिमेंटच्या दोन ठिपक्यांनी चिकटवा, बाजूला तारीख लिहा. काच फुटली की भेग चालू आहे. बंद असेल तर भरा, चालू असेल तर लवचीक सीलंट वापरा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून वर्षागणिक वाढणारी भेग जाणकाराला दाखवा.

६. पाणी पायापासून लांब

घराभोवती तीन फूट रुंद मुरमाचा पट्टा ठासून घाला आणि त्या तीन फुटांत दोन इंच उतार बाहेरच्या बाजूला द्या. पाणसळ लावून बघा, नजरेवर जाऊ नका. वळचणीचं पाणी जिथे पडतं तिथे चपटे दगड मांडा, नाहीतर ते उडून भिंतीचा पाय खातं.

न्हाणीच्या पाण्याला शोषखड्डा करताना काळ्या मातीतच थांबलात तर तो भरून तसाच राहतो. मुरूम लागेपर्यंत खोदा.

७. वीज आणि कूलर

दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात. लोखंडी पेटी, पाणी, ओली जमीन आणि अनवाणी पाय, सगळं एकत्र येतं. पाणी भरताना, ताटी (कूलरची गवताची जाळी) बदलताना बटण बंद करून भागत नाही, पिन बाहेर काढा. तीन पायांच्या पिनेचा मोठा पाय कापून दोन छिद्रांच्या बोर्डात बसवणारे पाहिलेत? तो मोठा पायच अर्थिंगचा. घरात 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का पाहा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहा, कोरड्या जमिनीत अर्थिंग काम करत नाही.

बल्ब, होल्डर, पंख्याचा कंडेन्सर बदलणं मेन स्विच पाडून आपण करू शकतो. बोर्डाच्या मागची वायरिंग आणि अर्थिंगची तपासणी परवानाधारक वायरमनकडे द्या. मीटरच्या आधीच्या तारेला अजिबात हात नको. ती तुटून लोंबत असेल तर 1912 वर तक्रार करा आणि कुणीतरी येईपर्यंत तिथे पोरांना फिरकू देऊ नका.

८. उधई (वाळवी)

वाशावर, चौकटीवर मातीच्या नळ्या दिसल्या की खरवडा, आणि त्या जमिनीत कुठे जातात ते शोधा. लाकूड जमिनीला टेकत असेल तर मध्ये दगड घाला. भिंतीला लागून रचलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या (कापसाची आणि तुरीची वाळकी झाडं) आधी हलवा. शेतातलं उरलेलं औषध मात्र घरात फवारू नका. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही उघड्या रानात. बंद खोलीत काय होईल याचा विचार करा. उधई फार पसरली असेल तर घरातल्या वापराची परवानगी असलेलं औषध माहितगाराकडूनच मारून घ्या.

९. पहिला पाऊस

मोबाइलमध्ये दामिनी अॅप टाकून घ्या, विजांचा इशारा त्यात मिळतो. ढग गडगडायला लागले की छपरावरून आणि निसणीवरून उतरा.

पाऊस सुरू झाला की घरातल्यांची वाटणी करा. एक जण टॉर्च आणि कोळसा घेऊन आत, प्रत्येक ओल्या वाशावर फुली मारत. दुसरा पाऊस थोडा ओसरला की फावडं घेऊन बाहेर, मुरमाच्या पट्ट्यावर पाणी कुठे थांबतं ते बघत. तिथे लगेच फावड्यानं वाट करून द्या. छपराला मात्र दोन दिवस उघाड पडल्याशिवाय हात लावू नका, ओल्या कवेलूवर पाय ठरत नाही. तोवर फुलीखाली भांडं ठेवा. आमच्याकडे मागच्या वर्षी दोन लागली.